चकाकत्या विमानाच्या पत्र्याची खरी निगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रंग न दिलेले, आरशासारखे उजळलेले एखादे छोटे विमान धावपट्टीच्या कडेला उभे असले की बघणाऱ्याचे पाय थबकतात आणि ‘मालकाने विमान काय सुंदर ठेवले आहे!’ असे उद्गार सहज निघतात. विमानांचे पत्राकाम आणि देखभाल यांत ज्यांची हयात गेली, अशांपैकी मी एक आहे, आणि उघड्या ॲल्युमिनियमची झिलई मलाही मनापासून आवडते. तरीही या कौतुकात एक गोष्ट निसटते आणि ती आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडावी, असे मला वाटते. ही झिलई ज्या थरावर चढवली जाते तोच थर विमानाच्या पत्र्याचे गंजण्यापासून रक्षण करत असतो, आणि प्रत्येक पॉलिशच्या वेळी आपण तो थोडाथोडा काढून टाकत असतो. म्हणूनच अशा विमानाच्या मालकाचे कसब त्याने किती वेळा पॉलिश केले यावरून ठरवू नये. पॉलिश करण्याची वेळ त्याने किती लांबवली, यावरून ठरवावे.

हे पटण्यासाठी पत्रा कशाचा असतो ते आधी पाहायला हवे. शुद्ध ॲल्युमिनियम हवेला लागताच त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट, इतकीच असते. पण तो धातूला घट्ट चिकटून राहतो, ओरखडा गेला तर तत्काळ पुन्हा धरतो आणि खालचा धातू सुरक्षित राहतो. अडचण अशी, की शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते आणि विमानाचा भार त्याला पेलत नाही. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली असे आढळले, की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले, तर पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. ड्युरॅल्युमिन या धातूचा जन्म त्यातून झाला, आणि आज छोट्या विमानांच्या पत्र्यासाठी सर्रास वापरला जाणारा २०२४ या क्रमांकाचा मिश्रधातू त्याच कुळातला आहे. त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे आणि दीड टक्का मॅग्नेशियम असते. तांब्यामुळे त्याला बळ आले, आणि तांब्यामुळेच तो पाणी व क्षार यांच्यापुढे दुबळा झाला. कारण मिश्रधातूच्या कणांच्या सीमेवर जिथे तांबे कमीजास्त होते, तिथे ओलाव्यात लहान लहान विद्युत्‌घट तयार होतात आणि गंज वरून फारसा न दिसता आतल्या आत शिरत जातो.

यावरचा उपाय १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ॲल्कोआ कंपनीच्या कारखान्यात तयार झाला आणि ‘ॲलक्लॅड’ या नावाने रूढ झाला. मिश्रधातूच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची पाटी ठेवून सगळे मिळून रुळांखालून असे लाटतात, की तिन्ही थर एकजीव होऊन जातात. वरचा थर दोन प्रकारे काम करतो. तो स्वतः गंजाला दाद देत नाही. आणि कुठे ओरखडा पडून आतला गाभा उघडा झालाच, तर आजूबाजूचा शुद्ध थर स्वतः झिजून गाभ्याला वाचवतो. कारण विद्युत्‌रासायनिक क्रमात शुद्ध ॲल्युमिनियम हे तांबेमिश्रित गाभ्याच्या मानाने आधी विरघळणारे आहे. पातळ पत्र्यांत हा थर प्रत्येक बाजूला एकूण जाडीच्या साधारण ५ टक्के धरतात. छोट्या विमानाच्या अंगावर ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल, तर बाहेरचा शुद्ध थर ०.०४ मिलिमीटर, म्हणजे ४० मायक्रॉनच्या आसपास येतो, ०.५ मिलिमीटरच्या पत्र्यावर तो २५ मायक्रॉनच असतो. हा थर माणसाच्या केसाहूनही बारीक आहे. विमानाच्या पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी एवढीच शिल्लक आपल्या हाती असते आणि तिच्यात नव्याने भर घालता येत नाही.

आता पॉलिश म्हणजे काय ते पाहू. पॉलिशच्या लेपात बारीक घर्षककण असतात. ते पत्र्यावरचा उंचवटा कापतात, खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचा धातू उतरवतात आणि पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश एका दिशेने परततो. पॉलिश करताना कापडावर जो काळाकुट्ट राप उतरतो, त्याला बरेच जण मळ समजतात आणि जितका जास्त राप निघेल तितके समाधान मानतात. त्या काळ्या रापात विमानाच्या अंगावरून निघालेल्या ॲल्युमिनियमचे आणि त्याच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. अगदी स्वच्छ पत्र्यावर पॉलिश फिरवले तरी तो निघतोच. एका पॉलिशमध्ये किती मायक्रॉन जातात याचा एकच आकडा नसतो, कारण तो लेपाच्या भरडपणावर, यंत्राच्या वेगावर, हाताच्या दाबावर आणि किती वेळ एकाच जागी घासले यावर ठरतो. पण सर्वांत भरड लेपाने एकदा खोल घासणे आणि सर्वांत बारीक लेपाने वर्षातून एकदा हलकेच पुसणे यांत झिजेचा फार मोठा फरक आहे, हे काम करणाऱ्याला बोटांनाही कळते. पहिल्यात पॅड पत्र्याला धरून ओढते. दुसऱ्यात ते नुसते सरकत जाते.

शुद्ध थर संपल्याची खूण कोणती, असे मला अनेकदा विचारतात. एखाद्या पत्र्याचा काही भाग आजूबाजूच्या भागाहून किंचित राखाडी दिसू लागतो, पॉलिश केल्यावर इतरांसारखा उजळतो, पण थोड्याच आठवड्यांत पुन्हा धूसर होतो, आणि हे दर वेळी त्याच जागी घडते. अशी जागा बहुधा रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, ओळींच्या कडेला, पत्र्याच्या काठांवर किंवा फुगीर भागावर असते, कारण यंत्राचा दाब तिथेच एकवटतो. पत्राकामाच्या वर्गात विद्यार्थ्यांना एक जुनी चाचणी दाखवतात. कॉस्टिक सोड्याच्या १० टक्के द्रावणाचा थेंब पत्र्याच्या तुकड्यावर ठेवला, की तांबेयुक्त गाभा काळा पडतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम पांढरेच राहते. ॲलक्लॅडच्या तुकड्याची कापलेली कड पाहिली, तर मधली काळी रेघ आणि तिच्या दोन बाजूंच्या पांढऱ्या किनारी डोळ्यांना स्वच्छ दिसतात. ही चाचणी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावी, म्हणजे पॉलिशच्या डब्याला हात लावताना आपण किती पातळ गोष्टीशी खेळतो आहोत याची जाणीव राहते. उभ्या विमानावर मात्र कोणीही हौसेने ती करू नये. कॉस्टिक द्रव जोडांत शिरला तर तो बाहेर काढणे फार कठीण जाते.

तेव्हा झिलई राखण्याचे बहुतेक काम डबा न उघडता करण्याचे आहे. ॲल्युमिनियमचा संरक्षक पापुद्रा साधारण ४ ते ८.५ या सामूच्या मर्यादेत टिकतो. त्याहून आम्ल किंवा अल्कधर्मी द्रवात तो विरघळू लागतो. इंजिनाचे तेल काढण्यासाठी मिळणारी बरीचशी जहाल साबणपाणी अल्कधर्मी असतात. रंगवलेल्या विमानावर त्यांनी फारसे बिघडत नाही, पण उघड्या पत्र्यावर ती सुकली की दुधट डाग पडतात आणि मग ते काढायला पुन्हा पॉलिशच लागते. म्हणून उदासीन सामूचा सौम्य साबण, भरपूर पाणी आणि सावली एवढेच पुरे. पत्रा उन्हाने तापलेला असताना पाणी घालू नये, कारण ते पुसण्याआधीच आटते आणि त्यातले क्षार वर्तुळाकार डागांच्या रूपाने मागे राहतात. धुण्यापेक्षाही कोरडे करणे महत्त्वाचे आहे. मऊ, स्वच्छ, शोषक कापडाने वरून खाली पुसत जावे, जोडांच्या रेघांत थांबलेले पाणी हवेच्या सौम्य झोताने बाहेर काढावे, आणि झोत जोडाच्या आत न मारता जोडावरून तिरका मारावा. उच्च दाबाच्या पाण्याच्या यंत्राला मी छोट्या विमानाच्या जवळपास येऊ देत नाही. ते पाणी पत्र्यावर पत्रा चढलेल्या फटीत घुसते आणि तिथे महिनोन्‌महिने राहते.

पंखांच्या पुढच्या कडेवर आणि पंख्याच्या मागच्या झाकणावर आदळून चिकटलेले किडे हा झिलईचा रोजचा शत्रू आहे. त्यांचे अवशेष आम्लधर्मी असतात आणि वाळल्यावर खरवडावे लागतात. खरवडले की ओरखडे आलेच. उड्डाण संपवून विमान थांबवले, की लगेच ओले टॉवेल त्या कडेवर अंथरावे, तेवढ्या वेळात कागदपत्रे भरून घ्यावीत, आणि मग टॉवेल उचलताना त्यासोबतच मळ उचलला जातो. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तेच. एक्झॉस्टच्या मागे पोटाखाली जो तपकिरी-राखाडी पट्टा पडतो त्याकडे मात्र मालकांचे लक्ष सर्वांत कमी असते, कारण तिथे वाकून पाहावे लागते. पिस्टन इंजिनाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसे असते, आणि ते इंजिनात साचू नये म्हणून ब्रोमिनचे संयुगही मिसळलेले असते. जळल्यावर त्यांचे क्षार धुराबरोबर पत्र्यावर बसतात आणि दमट हवेत ॲल्युमिनियम खाऊ लागतात. खनिज तेलापासून केलेल्या सौम्य द्रावकाने ओला केलेला फडका दर काही उड्डाणांनी फिरवला, तर हा पट्टा निघून जातो आणि पत्रा शाबूत राहतो. समुद्राजवळून उडणाऱ्या विमानाला प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करणे हाच एक मार्ग आहे. क्लोराइडमुळे पडणारे टोचल्यासारखे खड्डे एकदा खोल गेले, की ते काढायचे म्हणजे भोवतालचा शुद्ध थरच काढायचा, आणि मग खड्डा गेल्याचे समाधान फार महाग पडते.

विमान छपराखाली ठेवणे सर्वांत उत्तम, यात वाद नाही. छप्पर नसेल तर कापडी आवरणाचा विचार मनात येतो. पण उघड्या पत्र्यावर आवरण हे दुधारी असते. वाऱ्याने ते हलत राहते, त्याखाली धूळ अडकलेली असते, आणि एका वादळी रात्रीत ते झिलईवर जाळीदार ओरखडे उमटवून ठेवते. ओले आवरण तर ओलावा पत्र्यालगत धरून ठेवते. येथे आणखी एक गोष्ट सांगतो, जी अनेकांना उलटी वाटते: चकाकता पत्रा ऊन परतवतो, म्हणून तो थंड राहील अशी समजूत असते, पण दुपारी त्याला हात लावून पाहावा. पॉलिश केलेला धातू सूर्यप्रकाश बराचसा परतवतो हे खरे, मात्र जी थोडी उष्णता आत शिरते ती किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्यात तो अगदीच कंजूष असतो. पांढरा रंग दिलेला पत्रा त्याहून गार राहतो. रेडिओ आणि उपकरणे ज्या पत्र्यामागे बसवली आहेत तिथे हे लक्षात ठेवावे. चकाकीचा त्रास वैमानिकाच्या डोळ्यांनाही होतो, आणि म्हणूनच काचेसमोरच्या नाकाच्या भागावर निस्तेज काळा किंवा हिरवट रंग देण्याची रीत पूर्वीपासून आहे. संपूर्ण विमान एकसारखे चमकावे या हट्टापायी तो पट्टा काढून टाकणे मला अजिबात मान्य नाही.

मग पॉलिश कधीच करायचे नाही का? करायचे, पण जपून आणि योग्य क्रमाने. पहिल्यांदा उजळताना भरड लेप लोकरी पॅडच्या फिरत्या बफरने लावतात, आणि शेवटचा हात दोन डोक्यांच्या, डोलत फिरणाऱ्या यंत्राला मऊ सुती कापड बांधून देतात. कारण फिरत्या बफरने उमटलेली चंद्रकोरीसारखी वळणे छपराखाली दिसत नाहीत, उन्हात आणल्यावर मात्र साऱ्या अंगभर दिसतात. एकदा हा पाया नीट घातला, की भरड लेपाची गरज पुन्हा पडू नये. पुढे वर्षातून एकदा, फार तर दोनदा, केवळ बारीक लेपाचा हलका हात पुरला पाहिजे. तो पुरत नसेल, तर पॉलिशमध्ये दोष शोधण्याऐवजी धुण्यात, पुसण्यात किंवा विमान उभे करण्याच्या जागेत दोष शोधावा. प्रत्येक दर्जाच्या लेपासाठी पॅड वेगळे ठेवावे. भरड लेपाचा एक कण बारीक पॅडमध्ये गेला तरी दिवसाची मेहनत वाया जाते.

रिव्हेटच्या डोक्याभोवतीचे काम मी नव्या मुलांना नेहमी हाताने करायला लावतो. गोल डोक्याच्या रिव्हेटवरून बफर नेला, की पॅड डोक्यावर चढते, त्याचा माथा झिजवते आणि पायथ्याशी लेपाची काळी कड साठवते. तिथे बोटाला मऊ कापड गुंडाळून, लेपाचा तांदळाएवढा ठिपका घेऊन, डोक्याभोवती गोल न फिरवता पत्र्याच्या घडणीच्या दिशेने पुढेमागे पुसावे, आणि काळी कड वाळण्याआधी द्रावकाच्या ओल्या फडक्याने उचलावी. उरलेला तेलकटपणा मक्याच्या स्टार्चची भुकटी शिंपडून कोरड्या कापडाने निघतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण सुरक्षेसाठी ते मोलाचे आहे. एखादा रिव्हेट ढिला झाला, की उड्डाणात तो थरथरतो, धातूवर धातू घासून बारीक काळी पूड होते आणि वाऱ्याने ती रिव्हेटच्या मागे शेपटीसारखी ओढली जाते. देखभाल करणारा माणूस हीच खूण शोधत असतो. पॉलिशचा राप तिथे राहिला, तर खरी शेपटी आणि लेपाची शेपटी ओळखू येत नाही. आणि पॉलिश करणाऱ्याने न पाहताच ती पुसून टाकली, तर तपासणीपुरता पुरावाच नाहीसा होतो. याच्या उलट, प्रत्येक रिव्हेटपाशी थांबून काम करणाऱ्याला भेगेची सुरुवात, पत्र्याची लहर किंवा जोडातून निघणारी पांढरी भुकटी इतर कोणाच्याही आधी दिसते. पॉलिशच्या दिवशी कागद-पेन जवळ ठेवून दिसलेले सगळे टिपावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पत्र्यावर खूण करायची झाली तर शिसपेन्सिल मात्र वापरू नये; तिच्यातले ग्राफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमला गंजवते आणि पेन्सिलची रेघ पुढे कोरलेली रेघ होऊन बसते.

पोलादी वायरचा घासणा, लोखंडी ब्रश, एमरी कागद यांना ॲल्युमिनियमजवळ थारा नाही. त्यांचे लोखंडी किंवा कठीण कण मऊ पत्र्यात रुततात आणि लोखंडाचा प्रत्येक कण स्वतःभोवती गंजाचा ठिपका तयार करतो. जोडाच्या काठाशी जुना लेप किंवा सीलंट साचला, तर तो सुरीने किंवा पत्तीने खरवडण्याचा मोह आवरावा. काठालगत ओढलेल्या बारीकशा ओरखड्यापासून भेग सुरू होऊ शकते, आणि मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीतही हा धडा अनुभवाने शिकला गेला आहे. प्लास्टिकची चपटी पट्टी आणि द्रावक यांनी तेच काम होते. काही जण पॉलिशच्या कष्टातून सुटका म्हणून चकाकत्या पत्र्यावर पारदर्शक लाखेचा थर देतात. गुळगुळीत धातूवर तो नीट धरत नाही, कडेने सुटतो, आणि त्याखाली धाग्यासारखा वळणे घेत जाणारा गंज पसरतो. तो काढायला लाख आणि धातू दोन्ही काढावे लागतात. त्यापेक्षा काहीही न लावलेला, स्वच्छ आणि कोरडा पत्रा बरा.

विमानाचा प्रत्येक भाग उजळण्याजोगा नसतो, हेही मालकाने आधी समजून घ्यावे. १९४० च्या दशकातील सेस्ना १४० चे धड धातूचे, पण पंखांवर कापड होते. जुन्या बीचक्राफ्ट बोनान्झाच्या व्ही आकाराच्या शेपटीचे हलते भाग मॅग्नेशियमच्या पत्र्याचे आहेत. मॅग्नेशियम उघडे ठेवणे म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणे, तिथे रंग हवाच. घरी बांधायच्या काही विमानांत ६०६१ हा मिश्रधातू वापरतात. त्यावर शुद्ध थर नसतो, पण त्यात तांबे अगदी कमी असल्यामुळे तो गंजाला स्वतःच बरा टिकतो आणि उजळतोही छान. म्हणजे कोणता पत्रा कोणत्या धातूचा, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पहिला हात फिरवू नये.

पॉलिशच्या वेळी झाकायच्या छिद्रांबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. विमानाच्या अंगावर बाहेरच्या हवेचा दाब घेणारी बारीक छिद्रे असतात; उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे त्यांच्यावर चालतात. लेप आत जाऊ नये म्हणून ती झाकावी लागतात. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान लिमाहून सांतियागोकडे निघाले. विमान धुताना आणि पॉलिश करताना या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती, आणि तपासणी करणाऱ्यांच्या व वैमानिकांच्याही ती नजरेस आली नाही. उंची आणि वेग यांचे खोटे आकडे वाचत, काळोखात समुद्रावर धडपडत ते विमान अखेर पॅसिफिकमध्ये कोसळले आणि त्यातले सर्व ७० जण मृत्यू पावले. चंदेरी पत्र्यावर चंदेरी किंवा फिकट पट्टी कधीही लावू नये. लालभडक किंवा केशरी पट्टी, तिला लोंबणारी लांब रिबीन, आणि कोणकोणती छिद्रे झाकली याची लेखी यादी, जी काम संपल्यावर दुसऱ्या माणसाने एकेक ओळ खोडत तपासायची, एवढे केल्याशिवाय पॉलिशचा डबा उघडूच नये. विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठभागांच्या खालच्या कडेची पाणी निथळण्याची भोके लेपाने बुजली नाहीत ना, तेही त्याच यादीत असावे. बफर चालवताना इंधनटाकीच्या हवाछिद्रांपासून दूर राहावे, विमानाला जमिनीशी जोडणारी तार लावावी, आणि खिडक्यांचे ॲक्रिलिक द्रावकापासून झाकून ठेवावे.

जुने विमान विकत घेणाऱ्यांसाठीही चार शब्द. जी छोटी विमाने आज आरशासारखी दिसतात त्यांतली बरीच मूळची तशी नव्हती. १९४० च्या दशकात सेस्नासारख्या कंपन्या आपली विमाने उघड्या ॲलक्लॅडमध्ये एखादा रंगीत पट्टा ओढून विकत असत, आणि त्या पत्र्याची चमक रुळातून निघालेल्या पत्र्याची, शांत चमक होती. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकी लष्करी विमाने रंगाविना कारखान्यातून बाहेर पडू लागली, तीही वजन आणि वेळ वाचवण्यासाठी; मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांवर तर हवेचा प्रवाह सुरळीत राहावा म्हणून लुकण भरून चंदेरी रंग दिलेला असे. आरशाचा आग्रह नंतरचा आहे. त्यामुळे एकेकाळी रंगवलेल्या आणि पुढे रंग उतरवून चमकवलेल्या विमानाकडे फार चौकसपणे पाहायला हवे. रंग धरावा म्हणून त्या पत्र्यावर कधीतरी घासायचा कागद मारलेला असतो, आम्लाने तो खरबरीत केलेला असतो, रंगाखाली धाग्यासारखा गंज झालेला असतो, आणि हे सारे झाकण्यासाठी विक्रीपूर्वी भरड लेपाने खोलवर घासलेले असते. झळाळी डोळे दिपवते आणि शुद्ध थर जवळपास संपलेला असतो. यंत्राने पत्र्याची एकूण जाडी मोजता येते, परंतु त्यातला शुद्ध थर किती उरला आहे हे त्यातून सहज कळत नाही. म्हणूनच पॉलिशची नोंद असणे अत्यंत आवश्यक आहे.

माझी मालकांना विनंती अशी, की तेल बदलल्याची नोंद करतो तशीच पॉलिशचीही नोंद विमानाच्या लॉगबुकात करावी: तारीख, कोणते पत्रे, लेपाचा दर्जा, यंत्राने की हाताने, आणि कुठे धूसरपणा परत येताना दिसला. ज्या पत्र्याचा शुद्ध थर संपला आहे असे अनुभवी तंत्रज्ञाला वाटते, त्याला पुन्हा चमकवत राहणे थांबवावे. तो साफ करून, त्यावर रासायनिक संरक्षक प्रक्रिया करून, प्रायमर आणि रंग द्यावा. आणि तो पत्रा एखाद्या हलत्या पृष्ठभागाचा असेल, तर रंगाच्या वजनाने त्याचा तोल बिघडत नाही ना, हे उत्पादकाच्या मर्यादेनुसार तपासून घ्यावे, कारण बिघडलेल्या तोलाने वेगात फडफड सुरू झाली, तर तो पृष्ठभाग तुटून पडायला वेळ लागत नाही. आपली चंदेरी विमाने दशकानुदशके अभिमानाने मिरवणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सनेही जानेवारी २०१३ मध्ये रंगाचा स्वीकार केला, कारण नव्या विमानांच्या संमिश्र पदार्थाच्या अंगाला झिलई देता येत नव्हती.

विमानांच्या प्रदर्शनांत परीक्षकाचे काम करणाऱ्यांनाही माझे नम्र सांगणे आहे. चकाकीला गुण देण्यापूर्वी त्यांनी लॉगबुक मागावे, पोटाखाली वाकून एक्झॉस्टचा पट्टा पाहावा, रिव्हेटच्या ओळीवरून बोट फिरवावे. आणि एखाद्या मालकाने धड उजळ ठेवून दोन-चार पत्रे विचारपूर्वक रंगवले असतील, तर त्याचे गुण त्यासाठी कापू नयेत.

कळावे,

आपला नम्र,
विमान देखभालीच्या क्षेत्रातील एक वाचक